तीन पोरांचं माप

माप मला एकच येतं :
डोईमागं शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ.
तागडी गंजली, तवापासनं सासूचा पितळी गिलास.
एक बोट रिकामा ठेवला की शंभर.
बोट माझंच पायजे.
पिसाळ मास्तरांचं बोट जाड, त्यांच्या मापानं पोरं उपाशी.

तीन पोरं. बिरदेव, कावेरी,
आन् शेवंतीचा सोमा. त्याचे दुधाचे दात आजून पडायचे हायेत,
पर पटावर त्यो सहाचा हाय.
पट भरायला त्याचं वय आमी उसनं आनलंय.

धरणाचं पानी आलं तवा खालची गावं बुडाली,
सातबारा कमरेला बांधून लोक लांब गेलं.
आमी धनगर वर हुतो, म्हनून बुडालो न्हाई.
वर हुतो, म्हनून कुनी मोजलंबी न्हाई.

शाळंची वाट करवंदीतनं.
भाद्रपदात पोरं आली की पयलं काम पुस्तकाचं न्हाई,
चुलीपाशी बसून पायाच्या जळवा काढायचं.
मीठ मी खिचडीच्या हिशोबातलंच वापरते.
ते कुठं लिवलेलं न्हाई.
पुस्तकात चित्र हाय :
रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघा.
पोरं बघत्यात.
डावीकडं गवा असतो, उजवीकडं धुकं,
आन् धुक्यात काय असंल त्ये पुस्तकात न्हाई.

साहेब लाँचनं आले फाल्गुनात.
पानी मागं सरलेलं, गुडघाभर चिखल तुडवत वर चढले.
चहात दूध लई झालं, म्हनले.
बिरदेवाला इचारलं, दुभत्या जनावरांची नावं सांग.
त्यो म्हनला, कपिली, चांदी, मोरी,
आन् तुटक्या शिंगाची बाळी, पर ती आटलीय.
साहेब हसले. वहीत कायतरी लिवलं.
पोरानं खोटं काय सांगितलं?
बाळी दिवाळीपासनं आटलीय.

मग एक शब्द काढला : समायोजन.
मास्तर माझ्याकडं न बघता म्हनले,
म्हंजी पोरं पान्यापल्याडच्या शाळंत मावतील.
म्या म्हनलं, पोरं मावतील.
वाट कशात मावंल?
दीड तास उतार, मग लाँच आली तर लाँच,
वाऱ्यापायी न्हाई आली तर काठावर बसून
पाढे म्हनायचे,
पल्याड हजेरी लागंल एवढ्या मोठ्यानं.

कावेरी चौथीत. पुढं वसतिगृह, मेढ्याला.
तिच्या आयनं इचारलं,
तिथं रातीच्याला कडी आतनं असती का भाइरनं?
मला ठावं न्हाई. मास्तरांनाबी ठावं न्हाई.
साहेब म्हनले, चौकशी करतो.
लाँचवाल्यानं खालनं भोंगा वाजवला.

दुपारची भांडी घासताना कावेरी
मला ताटावर राखंत अक्षर काढून दावायची.
माझं नाव ठकूबाई कोंडीबा ढेबे.
ठ आला.
भाकरीवानी गोल, लगीच आला.
क ला ती म्हनली, क अवघड हाय, पाडव्यानंतर.

आज यादी झाली.
पातेली दोन, पळी एक, ताटं अकरा,
शिल्लक तांदूळ सव्वीस किलो.
पोरं तीन, मग ताटं अकरा कशी, कुनी इचारलं न्हाई.
त्यातली आठ मला नावानिशी ठावं हायेत,
एक तर आता पुण्याला हाटेलात ताटंच धुतंय.
गिलास यादीत न्हवता.
त्यो म्या पदराखाली धरला.

सही, म्हनले.
म्या ठ काढला. त्याच्या लांब, कागदाच्या कडंला, अंगठा.
कायतरी एकच करा बाई, साहेब म्हनले,
आन् मधी एवढी जागा कशाला वाया घालवली?

वाया न्हाई वो, म्या म्हनलं.
पाडव्यानंतर भरंल.